चार ट्रे, चार चिठ्ठ्या

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या नॅसचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली ठेवणाऱ्या डिस्कच्या डब्याचा, रिपोर्ट उघडला आणि तिसऱ्या डिस्कच्या ओळीत, जिथे इतकी वर्षं शून्य असायचं तिथे, ८ दिसला. समोरचा दिवा हिरवाच होता. आवाज नेहमीचा. फायली उघडत होत्या, फोटो दिसत होते, घरात कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. मी मात्र तो आकडा बघून बराच वेळ तशीच बसून राहिले.

पेंडिंग सेक्टर म्हणतात त्याला. म्हणजे डिस्कने एक जागा वाचायचा प्रयत्न केला, ती वाचता आली नाही, म्हणून तिथे खूण करून ठेवली की हिचं काय ते नंतर बघू. आणि ८ म्हणजे आठ जागा खराब असंही नाही, आतमध्ये ही डिस्क ४०९६ बाइटचे मोठे सेक्टर वापरते पण कंप्युटरला जुन्या सवयीचे ५१२ बाइटचेच दाखवते, त्यामुळे आतला एक गेला की बाहेरच्या मोजणीत आठ गेलेले दिसतात. म्हणजे खरी खराब जागा एकच. दोन लाख कोटी बाइटांमधले चार हजार बाइट.

हा डबा बाबांनी आणि मी मिळून लावला होता. चार डिस्कचा नॅस, प्रत्येक डिस्क २ टीबीची, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्या तिघींवरून तिचा मजकूर परत काढता येईल अशा जोडणीत. डिस्क निवडणं आणि सेटअप करणं माझ्याकडे, आणि ट्रेमध्ये स्क्रू लावून त्या नीट बसवणं बाबांकडे. बाबांना आयुष्यभर वस्तू उघडून दुरुस्त करायची सवय, आणि प्रत्येक गोष्टीवर तारखेची चिठ्ठी लावायची सवय तर त्याहून जुनी, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलला तरी मागे बारीक अक्षरात तारीख लिहिलेली असायची. तसंच त्यांनी इथेही केलं. प्रत्येक ट्रेच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बे नंबर, म्हणजे डब्यातला कितवा खण ते, डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि बसवल्याची तारीख. मी तेव्हा म्हटलं होतं, बाबा हे सगळं स्क्रीनवर दिसतं की. तर म्हणाले, "अगं, ज्या दिवशी बघायची वेळ येईल त्या दिवशी स्क्रीन चालू असेल कशावरून?" दुसऱ्या बेमधली डिस्क पाचव्या वर्षी गेली, ती बदलली तेव्हाची चिठ्ठीसुद्धा त्यांच्याच हातची आहे. बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

मूळच्या तिन्ही डिस्कचे चालू तास ८६ हजारांच्या वर गेलेत, म्हणजे दहा वर्षांना थोडेच कमी, आणि ते अखंड, कारण आमचा डबा कधी झोपवलाच नाही. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. मी एकदा हिशोब करून बघितला तर एकेका डिस्कचे २७०० कोटींहून जास्त फेरे झाले होते. आणि या सगळ्या काळात वाचणारं हेड त्या फिरणाऱ्या तबकडीच्या वर फक्त काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, माणसाचा केस त्यापुढे हजारो पट जाड. हे कळल्यापासून मला डिस्क बिघडते याचं नवल वाटत नाही, ती इतकी वर्षं चालते याचं वाटतं.

२००७ मध्ये गुगलच्या लोकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास करून एक पेपर काढला होता. त्यात दिसलं की पृष्ठभाग तपासताना ज्या डिस्कमध्ये पहिली चूक सापडते ती पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. आणि त्याच पेपरात हेही आहे की बिघडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्क आधी कुठलीही सूचना न देता गेल्या. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की माझ्या तिसऱ्या डिस्कने मला निदान सांगितलं तरी, बाकीच्या दोन सांगतील याचा काही भरवसा नाही. शिवाय जागा ९१ टक्के भरलेली. म्हणून ठरवलं की एक बदलून भागायचं नाही, चारही बदलू, आणि बदलतोच आहोत तर मोठ्या घेऊ.

सगळे म्हणाले नवीन डबाच घे. विचार केला मी, अगदी प्रामाणिकपणे केला. जुन्या डब्याला आता अपडेट येत नाहीत, प्रोसेसर हळू आहे. पण तो इंटरनेटला उघडा नाही, घरातल्या घरात फायली देतो, आणि त्याचा पंखा, पॉवर सप्लाय, बोर्ड सगळं धडधाकट आहे. नुसत्या झिजणाऱ्या गोष्टीसाठी न झिजलेली गोष्ट टाकून देणं मला पटलं नाही. यात भावनेचा भाग होता का, तर होता, तो मी नाकारत नाही.

मग किती मोठ्या घ्यायच्या हा प्रश्न, आणि इथे जुन्या डब्याची खरी मर्यादा समोर आली. त्यातली फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली याचा हिशोब ठेवणारी व्यवस्था, जुन्या पद्धतीची ईएक्सटी४, जिच्यात ब्लॉकचा नंबर ३२ बिटांचा आणि ब्लॉक ४ केबीचा, आणि या दोन्हींचा गुणाकार केला की कंप्युटरच्या मोजणीतले (जिथे हजाराऐवजी १०२४ चे टप्पे असतात) १६ टीबी येतात, त्यापुढे तिला मोजताच येत नाही. डिस्कच्या खोक्यावरच्या मोजणीत ते होतात १७.६ टीबी. रेड ५ मध्ये चारपैकी एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेलं परत काढायला लागणाऱ्या जादा माहितीत, जाते, म्हणजे ६ टीबीच्या चार घेतल्या तर हाती येतात १८. फक्त ०.४ ने हुकतं. मी तो हिशोब तीनदा केला. शेवटी ४ टीबीच्या चार ठरल्या, वापरायला १२, स्क्रीनवर दिसणार १०.९. आधी ५.४५ दिसायचे, म्हणजे बरोबर दुप्पट, पुरे झालं.

घेताना एक गोष्ट मात्र फार बारकाईने बघितली ती म्हणजे आतली लिहिण्याची पद्धत. काही डिस्कमध्ये जास्त माहिती मावावी म्हणून ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, एसएमआर म्हणतात त्याला. छपराचं मधलंच एक कौल बदलायचं तर वरची काढावी लागतात ना, तसंच इथे मधलाच एक ट्रॅक बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचे पुन्हा लिहावे लागतात. नुसतं साठवून ठेवायला ठीक आहे, पण रिबिल्डच्या वेळी, म्हणजे बदललेल्या डिस्कवर सगळा मजकूर पुन्हा भरताना, सलग तासन् तास लिहायचं असतं तिथे अशी डिस्क दमते, वेग पार कोसळतो, कधीकधी तर डबा तिला मेलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये उघड झालं होतं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही ही पद्धत होती आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून मी मॉडेल नंबर घेऊन माहितीपत्रक वाचल्याशिवाय डिस्क घेत नाही, आणि दुसऱ्यांनाही हेच सांगते. चारही एकदम एका ठिकाणाहून घेतल्या नाहीत, दोन एकीकडून दोन दुसरीकडून, कारण एकाच दिवशी एकाच लाइनवर तयार झालेल्या डिस्कमध्ये दोष असला तर तो चौघींत सारखाच असायचा.

नवीन डिस्क म्हणजे चांगली डिस्क असं धरून चालायचं नाही. डिस्क एकतर अगदी सुरुवातीला बिघडतात किंवा म्हातारपणी, मधली वर्षं त्या मानाने शांत. म्हणून डब्यात घालायच्या आधी प्रत्येक डिस्क दुसऱ्या कंप्युटरला जोडून बॅडब्लॉक्स चालवलं. हे साधन पूर्ण डिस्कवर एक नमुना लिहितं, मग तो पूर्ण वाचून ताडून बघतं, असे चार नमुने, म्हणजे आठ वेळा अख्खी डिस्क. ४ टीबीला एका फेरीला साडेआठ तासांच्या आसपास, एकूण जवळजवळ तीन दिवस. चार डिस्कपैकी तीन स्वच्छ निघाल्या आणि चौथीने दुसऱ्याच नमुन्याला चुका दाखवायला सुरुवात केली. ती परत पाठवली, बदली आली, तिचे पुन्हा तीन दिवस. घरच्यांना वाटत होतं मी कंटाळले असेन, पण मला उलट बरं वाटत होतं. ती डिस्क तपासल्याशिवाय आत गेली असती आणि बाकीच्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला असता, हा विचार काही डोक्यातून जात नव्हता.

दरम्यान बॅकअप. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण त्याचा अर्थ मला त्या आठवड्यात नीट कळला. रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवतो, माणसाच्या हातून फाइल उडाली तर ती चारही डिस्कवरून एकाच क्षणी उडते. आमच्याकडे बाहेरची एक डिस्क होती जिच्यावर दर महिन्याला कॉपी व्हायची, पण ती कॉपी परत वाचून बघितली होती का? नाही. म्हणून आधी ते केलं, प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा, काढून दोन्हीकडचे जुळवले. सात फायली जुळल्या नाहीत. सातही उघडून बघितल्या, त्या कॉपी होत असतानाच बदललेल्या होत्या इतकंच, पण तेवढं कळेपर्यंत छातीत धडधडत होतं. मग आणखी एक कॉपी करून ती घराबाहेर दुसऱ्या माणसाकडे ठेवली, आणि मगच पुढे गेले.

आता मूळ मुद्द्यावर येते, जो मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचत राहिला.

रेडची कल्पना १९८८ च्या एका पेपरमधली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कँपसमधल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांची. मोठ्या कंप्युटरच्या डिस्क तेव्हा प्रचंड महाग, तर यांचं म्हणणं असं की एका महाग डिस्कऐवजी छोट्या कंप्युटरच्या पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडू. अडचण एवढीच की डिस्क जितक्या जास्त तितकी त्यातली एखादी जाण्याची शक्यता जास्त, म्हणून थोडी जादा माहिती साठवून ठेवायची जिच्यावरून गेलेलं परत काढता येईल. आमच्या डब्यात ते असं चालतं: माहितीचे ६४ केबीचे तुकडे करायचे, तीन तुकडे तीन डिस्कवर, आणि चौथ्या डिस्कवर त्या तिघांची पॅरिटी, म्हणजे तिन्हींमधला एकेक बिट समोरासमोर ठेवून त्यात १ हा अंक सम वेळा आला की विषम वेळा एवढंच लिहून ठेवायचं. पुढच्या ओळीत पॅरिटी दुसऱ्या डिस्कवर, असं फिरवत राहायचं. कुठलीही एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचा प्रत्येक बिट परत सांगू शकतात, कारण सम की विषम माहीत असेल आणि दोन बिट माहीत असतील तर तिसरा लपूच शकत नाही. मला हे अजूनही सुंदर वाटतं. इतकं साधं गणित आणि त्यावर एवढं सगळं तोललेलं.

पण यातच मेख आहे. एक डिस्क काढून नवीन घातली की ती भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही जुन्या डिस्कना आपला प्रत्येक सेक्टर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न चुकता वाचून दाखवावा लागतो. रोजच्या वापरात त्या काय वाचतात, तर या महिन्यातले फोटो, दोनचार कागदपत्रं. वर्षानुवर्षं ज्या कोपऱ्यात हेड फिरकलं नाही ते सगळे कोपरे त्या एका रात्रीत वाचायचे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्य इतके बिट वाचताना फार तर एक न वाचता येणारी चूक होईल, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक, ती हमीची मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क त्याहून चांगल्या वागतात, तरी एका रिबिल्डला ६ टीबी वाचायचे आणि असे रिबिल्ड चार, ही बेरीज डोक्यात राहतेच. म्हणजे ज्यांना आपण आता पुरे म्हणणार आहोत त्यांनाच त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम सांगायचं, आणि नेमकं त्याच वेळी सांगायचं जेव्हा त्यांच्या मागे सांभाळून घ्यायला कुणी नाही, कारण चौथी आपण काढून घेतलेली असते.

म्हणून आधी स्क्रब चालवला. स्क्रब म्हणजे चारही डिस्क जागेवर असतानाच सगळं एकदा वाचून काढायचं, आणि जिथे वाचता येत नाही तिथे बाकीच्या तिघींना विचारून तो मजकूर पुन्हा लिहायचा. सकाळी बघितलं तर तिसऱ्या डिस्कचे पेंडिंग ८ चे पुन्हा ० झाले होते आणि चौथ्या डिस्कमध्येही, जिच्यावर आतापर्यंत कधी काही दिसलं नव्हतं, एक जागा दुरुस्त झाल्याची नोंद होती. स्क्रब न करता थेट तिसरी काढली असती तर रिबिल्ड चौथीच्या त्या जागेवर येऊन अडकला असता आणि विचारायला कुणी उरलं नसतं. हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो. ज्यांच्याकडे जुना नॅस आहे त्यांनी बाकी काही नाही केलं तरी एवढं करावं.

पहिली तिसऱ्या बेची. डबा बंद न करता, चालू असतानाच. आमचा डबा त्याला परवानगी देतो, आणि दहा वर्षं न थांबलेल्या डिस्क एकदा थांबवल्या तर पुन्हा फिरतील की नाही याची मला जास्त भीती होती. सॉफ्टवेअरमध्ये तिसरी बाहेर काढायची सूचना दिली, स्क्रीनवरचा सिरीयल नंबर बघितला, मग ट्रेवरची बाबांची चिठ्ठी वाचली. शेवटचे चार आकडे जुळले. चुकीचा ट्रे ओढणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महागात पडणारा अपघात, आणि तो टाळायला त्या क्षणी माझ्याकडे दोन साक्षीदार होते. ट्रे ओढला. डबा बीप करायला लागला, दिवा नारिंगी. डिस्क हातात गरम लागत होती, आणि थोडा वेळ मनगटाला तिच्या फिरण्याची ओढ जाणवत राहिली, मग ती हळूहळू थांबली. नवीन डिस्क त्याच ट्रेमध्ये, त्याच चार स्क्रूंनी बसवली, आत सरकवली आणि रिबिल्ड सुरू झाला. सेकंदाला ५० एमबी. म्हणजे २ टीबीला ११ तास. डिस्क ४ टीबीची असली तरी अजून बाकीच्या २ च्याच आहेत, त्यामुळे तीही तेवढीच भरणार, उरलेली अर्धी सगळ्या बदलून होईपर्यंत तशीच पडून राहणार.

रिबिल्डचा आवाज मला आधी माहीत नव्हता. रोजच्या वापरात हेड इकडून तिकडे धावतं म्हणून बारीक कुरकुर ऐकू येते, पण इथे सगळं ओळीने वाचायचं असतं, हेड जागचं फारसं हलतच नाही, एका रेषेत पुढे सरकत राहतं. त्यामुळे डबा एरवीपेक्षा शांत झाला होता. एकसुरी घुमत राहणारा आवाज, बस. रात्री दोनदा उठून बघितलं, तापमान ४१ वरून ४६ वर गेलं होतं म्हणून खोलीचं दार उघडं ठेवलं.

दुसऱ्यांदा उठले तेव्हा झोप गेलीच, मग तिथेच बसले. स्क्रीनवर टक्के सरकत होते, ३७.२, ३७.३. आणि माझ्या मनात आलं की या क्षणी तो डबा आमच्या घरातलं सगळंच्या सगळं वाचतोय. आम्ही ठेवून दिलेलं आणि पुन्हा कधी न उघडलेलं. आठ वर्षांपूर्वीचे एकसारखे दिसणारे दोनशे फोटो, ज्यातला एक निवडून बाकीचे काढून टाकू असं म्हटलं होतं. कुणाच्या तरी जुन्या फोनचा पूर्ण बॅकअप. आणि कुठेतरी बाबांचं ते रेकॉर्डिंग. जायच्या आधीच्या वर्षी एका दुपारी मी फोन पुढे ठेवून त्यांना म्हटलं होतं की तुम्ही पहिला रेडिओ दुरुस्त केला ते सांगा, आणि ते चाळीस मिनिटं बोलले होते. ते गेल्यावर मी ती फाइल एकदाही लावली नव्हती. ती आहे, सुरक्षित आहे, एवढं पुरत होतं मला.

चाळीस मिनिटांचा आवाज म्हणजे साधारण ३८ एमबी. ६४ केबीचे तुकडे केले तर जवळजवळ ५९०. म्हणजे एकेका डिस्कवर त्यांचे दीडशेच्या आसपास तुकडे, चार सेकंदांच्या आसपासचा एकेक तुकडा, एक वाक्य या डिस्कवर, पुढचं त्या डिस्कवर. बाबांचा आवाज कुठल्याच एका डिस्कवर नाही. मी ज्या गरम डिस्कला काही तासांपूर्वी हातात धरलं होतं तिच्यावर होते ते त्यांच्या बोलण्यातले मधले मधले घास, आणि आता उरलेल्या तिघी आपापल्या वाट्याचं सांगून तेच घास नव्या डिस्कवर पुन्हा जुळवत होत्या. मी ती फाइल उघडायला तीन वर्षं धजावले नव्हते, आणि इथे हे यंत्र ती वाचून पुढेही गेलं असेल. किती टक्क्यांना गेलं असेल ते कळायचा मार्ग नाही.

सकाळी दिवा हिरवा.

दोन दिवसांनी पहिला बे. ट्रे आत सरकवला, रिबिल्ड सुरू झाला, आणि अर्ध्या तासाने रिपोर्ट बघितला तर नवीन डिस्कवर सीआरसी एरर १४. मग १९. आता ही चूक डिस्कच्या तबकडीची नसते, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीची असते, पाठवलेलं आणि मिळालेलं जुळलं नाही की पुन्हा मागवून घेतलं जातं, त्यामुळे मजकूर बिघडत नाही, पण जोडणी ठीक नाही हे नक्की. रिबिल्ड पूर्ण होऊ दिला. मग मात्र जे टाळत होते ते करावंच लागलं. डबा बंद केला.

पंखा थांबला. दहा वर्षांत त्या खोलीत तो आवाज नाही असं क्वचितच झालं असेल, मला क्षणभर खोली अनोळखी वाटली. ट्रे काढून टॉर्च मारला तर पहिल्या बेच्या मागच्या कनेक्टरमध्ये बारीक धुळीचा थर. डिस्क इतकी वर्षं आत होती तोवर त्याच्याशी कुणाचं काही बिघडलं नव्हतं, मी ट्रे हलवला तेव्हा ती धूळ मध्ये आली. मऊ कोरड्या ब्रशने हळूहळू साफ केली. सगळं परत लावलं आणि बटण दाबायच्या आधी जरा थांबले, कारण आत अजून दुसरी आणि चौथी जुनीच होती, आणि चौथी अगदी पहिल्यापासूनची.

बटण दाबलं. पंखा जोरात घुमला, मग डिस्क एकामागून एक उठायला लागल्या, नवीन दोघींचा गुळगुळीत आवाज, मग दुसरी. मग काहीच नाही. मी कान डब्याला लावला. आणि मग खालून, जरा अडखळत, चौथी उठली. तिच्या आवाजात एक बारीक किणकिण आहे जी मला आता झोपेतही ओळखता येईल.

सीआरसीचा आकडा १९ वरच थांबला. तो आता कधीच शून्य होणार नाही, आयुष्यभराची मोजणी आहे ती, फक्त वाढत नाहीये ना एवढंच बघायचं.

त्या धसक्याने पुढची चौथीच काढली, मग दुसरी, दोन्ही वेळा काहीही झालं नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. चारही झाल्यावर व्हॉल्यूम, म्हणजे चारही डिस्क मिळून होणारी वापरायची जागा, वाढवायची सूचना दिली आणि पुन्हा ११ तास, कारण नव्याने जोडलेल्या अर्ध्या भागातही पॅरिटी जुळवून घ्यावी लागते, तिथे अजून एकही फाइल नसली तरी. रिकाम्या जागेचंसुद्धा गणित बरोबर असावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीनवर १०.९ टीबी.

त्या संध्याकाळी मी ती फाइल लावली. चेकसम जुळलेला आहे हे मला माहीत होतं, तरी कानांनी तपासायची होती असं मी स्वतःला सांगितलं. सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, मग बाबा विचारतात, "कुठून सुरू करू?" मी म्हणते कुठूनही. मग ते सांगतात की रेडिओ उघडला तेव्हा आत काय बिघडलंय ते कळेना, म्हणून त्यांनी प्रत्येक वायर काढायच्या आधी कागदावर तिचं चित्र काढलं, रंग लिहिला, कुठून कुठे जाते ते लिहिलं. रेडिओ त्या दिवशी दुरुस्त झालाच नाही. पण चित्र होतं म्हणून जसा होता तसा परत जोडता आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची हिंमत झाली. हे मी त्यांच्यासमोर बसून ऐकलं होतं आणि पार विसरले होते.

आता जुन्या डिस्क. त्या नुसत्या टाकून देता येत नाहीत. एकट्या डिस्कवर पूर्ण काही नाही असं म्हटलं तरी ६४ केबीपेक्षा छोट्या फायली अख्ख्याच्या अख्ख्या एकाच तुकड्यात बसू शकतात, एखादं पत्र, पासवर्डची यादी, स्कॅनचा छोटा फोटो, आणि ते एका डिस्कवरून सुद्धा वाचता येतं. म्हणून प्रत्येक डिस्क पूर्ण शून्यांनी भरून काढायची, २ टीबीला पाच तासांच्या आसपास. आधी वाटलं होतं की काही दिवस चौघी तशाच ठेवाव्यात, जादा बॅकअप म्हणून, पण मग लक्षात आलं की त्या चार वेगवेगळ्या दिवशी बाहेर आल्यात, आणि त्या आठवड्यात सगळ्यांचे फोन नेहमीसारखे फोटो पाठवतच होते, त्यामुळे आता त्या चौघी पुन्हा एकत्र लावल्या तरी एकमेकींशी जुळणार नाहीत. तीन पुसून झाल्या. चौथीने ६१ टक्क्यांवर लिहायला नकार दिला आणि नंतर कंप्युटरला दिसेनाशीच झाली. तिचं झाकण उघडून तबकड्या बाहेर काढाव्या लागतील, ते स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, तसा स्क्रूड्रायव्हर बाबांच्या पेटीत आहे.

राहता राहिल्या चिठ्ठ्या. ट्रे तेच, त्यावर अजूनही बाबांच्या अक्षरातले आकडे, आणि ते आकडे आता चुकीचे. काढवत नव्हत्या, आणि ठेवताही येत नव्हत्या, कारण पुढे कधी कुणी घाईत ट्रे ओढायला आलं आणि त्या चिठ्ठीवर विसंबलं तर तीच चिठ्ठी घात करेल. दोन दिवस तशाच राहू दिल्या. मग केसांच्या ड्रायरने जरा ऊब दिली, गोंद सैल झाला, चारही न फाटता निघाल्या. नॅसची नोंद ठेवायला वही आहे, तिच्या पहिल्या पानावर त्याच क्रमाने लावल्या, दुसऱ्या बेखाली पाचव्या वर्षाचीही.

मग पांढरी चिकटपट्टी घेतली, चार तुकडे कापले. बे नंबर, शेवटचे चार आकडे, तारीख. माझं अक्षर मोठं आहे, पहिल्या तुकड्यावर तारीख मावेना, तो टाकून दुसरा कापला आणि बारीक लिहिलं.